नव्या मुख्याध्यापकासाठी: खुर्चीपासून लांब राहण्याची रीत

मुख्याध्यापक म्हणून रुजू झाले त्या दिवशी माझ्या टेबलावर तीन हार, पेढ्यांचा एक पुडा आणि अकरा कागद होते. त्यातले सात कागद ‘आजच’ जायला हवे होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी कपाटाला कुलूप लावताना लक्षात आलं, की चार दिवसांत मी एकाही वर्गात पाऊल टाकलेलं नाही. बावीस वर्षं खडूत गेलेली बाई मी, आणि चार दिवसांत माझा कारकून झाला होता.

पुढची नऊ वर्षं मी त्या खुर्चीतून उठायला शिकत होते. शाळा मराठवाड्यातल्या बाजाराच्या गावातली, अनुदानित, ५वी ते १०वी. पट ४८०, शिक्षक चौदा, एक लिपिक, दोन शिपाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा शहरातल्या मोठ्या विद्यालयात तपशील बदलतील, पण दिवस खाणारे उंदीर तेच असतात. ज्यांच्या हातात येत्या जूनमध्ये प्रभार यादी, म्हणजे शाळेचा कारभार सोपवल्याची यादी, पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. क्रम शक्यतो मोडू नका.

सही करण्याआधी तांदूळ मोजा

जुने सर निवृत्त होतात, निरोप समारंभ असतो, फोटो असतात आणि त्या गर्दीत प्रभार यादीवर सही होऊन जाते. तशी करू नका. जनरल रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही), कॅशबुक, बँकेचं पासबुक, जडसंग्रह नोंदवही (शाळेच्या सामानाची), सगळ्यांची सेवापुस्तकं आणि पोषण आहाराचा साठा स्वतः पाहा. कॅशबुकातली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक एकाच तारखेला जुळते का, ते समोर बसून बघा. तांदळाची पोती काट्यावर घाला. ५वीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम, ६वी ते ८वीला १५० ग्रॅम. आमच्याकडे ५वीत ८० आणि पुढच्या तीन इयत्तांत २४० मुलं. म्हणजे पूर्ण हजेरीला रोज ४४ किलो. महिन्याची शिल्लक या हिशोबाशी जुळली नाही, तर उत्तर सही करणारा देतो.

दुसरं, पासवर्ड. यूडायस आणि सरल (शाळेची, मुलांची माहिती भरायची), शालार्थ (पगाराचं) ही सगळी सरकारी पोर्टलं कोणाच्या मोबाइलवरच्या ओटीपीने उघडतात ते विचारा. आमच्या एका पोर्टलचा ओटीपी बदली होऊन गेलेल्या सरांच्या फोनवर जात होता आणि ते सर दुपारी झोपत असत. शाळेचा एक वेगळा नंबर घ्या आणि तो नोंदवहीत लिहून ठेवा.

पहिला पंधरवडा: काही जाहीर करू नका

नवा मुख्याध्यापक पहिल्याच बैठकीत शिस्तीचं भाषण करतो. स्टाफ मान डोलावतो आणि वाट बघतो, कधी दमतोय ते. त्यापेक्षा प्रत्येक शिक्षकाला वीस मिनिटं द्या. त्यांना कार्यालयात बोलावू नका. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, मैदानाच्या कट्ट्यावर, ते असतील तिथे आपण जायचं. विचारायच्या गोष्टी तीनच. तुमच्या वर्गातल्या कुठल्या मुलाची काळजी वाटते? तुमचा वेळ सगळ्यात जास्त कशात वाया जातो? माझ्या जागी तुम्ही असता तर आधी काय बदललं असतं? उत्तर ऐकायचं, वहीत लिहायचं, वाद घालायचा नाही. शिपाईमामांनाही हेच विचारा. शाळेत कोण कुठे रडतं आणि कुठलं पोर भिंतीवरून पळतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं.

चौदापैकी नऊ जणांनी मला एकच गोष्ट सांगितली होती: तास चालू असताना शिपाई माहितीचा कागद घेऊन दारात येतो. आधारची झेरॉक्स किती जणांची आली, बँक खातं किती जणांचं उघडलं, हात वर करा. मी पहिला बदल केला तो एवढाच. मधल्या सुट्टीपर्यंत कुठलाही कागद वर्गात जाणार नाही. याला पैसा लागला नाही, परवानगीही लागली नाही, आणि पंधरा दिवसांनी गणिताचे सर म्हणाले, “मॅडम, पहिल्यांदाच दुसरं प्रकरण वेळेत संपलं.”

दिवसाचे तास आधी कोरून ठेवा

शाळा अकरा ते पाच असेल तर माझा आराखडा असा होता. १०.४० ला फाटकात. मुलं आत येताना तोंडं दिसतात: कोण उपाशी आलं, कोणाची चप्पल तुटली, कोणाच्या गालावर वळ आहे. ११ ला परिपाठ. परिपाठ संपल्यापासून मधल्या सुट्टीपर्यंत खुर्चीत बसायचं नाही. हा वेळ वर्गांचा. सुट्टीत खिचडी आधी स्वतः चाखायची, चव नोंदवहीत सही करायची, आणि मग स्टाफरूममध्ये न जाता ५वीच्या पंगतीत बसायचं. चार ते पाच कागद.

लिपिकाला स्पष्ट सांगा, सकाळच्या वेळात तुम्हाला कशासाठी हाक मारायची. मूल पडलं, पोलीस आले, किंवा मजुरी बुडवून पालक आला. बाकी सगळ्यांना, साहेबांच्या फोनलासुद्धा, “मॅडम वर्गावर आहेत, दीड वाजता फोन करतील.” मला भीती होती की यावरून बोलणी बसतील. नऊ वर्षांत एकदाच बसली.

स्वतःचे तास सोडू नका. आठवड्याला सहा तासिका ८वीचं मराठी मी शेवटपर्यंत घेतलं. वह्या तपासून तुमचीही मान दुखली, की स्टाफला सूचना देताना आपोआप चार सूचना कमी देता.

वरून येणाऱ्या कागदांचे तीन ढीग करा. जी माहिती शाळेच्या दप्तरात आहे, ती लिपिकाने भरायची. शिक्षकाला विचारायचंच नाही. जी शिक्षकाकडेच आहे, ती आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर. आणि तिसरा ढीग शिक्षकाला कुठेतरी पाठवण्याचा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शिकवण्याबाहेरची कामं सांगितली आहेत. बाकीच्यासाठी कोणी तोंडी माणूस मागितला तर गोड आवाजात म्हणायचं, “साहेब, लेखी पत्र पाठवा, लगेच माणूस देते.” निम्मी पत्रं येत नाहीत.

कॅटलॉग उभा वाचा

हजेरीचा कॅटलॉग आपण आडवा वाचतो: या मुलाचे महिन्यात किती दिवस भरले. उभा वाचून बघा. ७वी ब मध्ये गुरुवारच्या रकान्यात खाड्यांची रांगच दिसली. गुरुवार आमच्या गावचा आठवडी बाजार. सहा मुलं आई-बापाच्या भाजीच्या पालावर बसत होती. त्यांच्या पालकांना शाळेत बोलावून मी काहीच मिळवलं नसतं, कारण गुरुवारी ते येणार कसे? मी पिशवी घेऊन बाजारात गेले, कोथिंबीर घेतली आणि पालावरच बोलले. सहापैकी चौघांनी दुपारी दोनपर्यंत पोरं शाळेत ठेवायचं कबूल केलं. गर्दी तीननंतरच होते, हे त्यांनीच सांगितलं.

८वीतल्या मुलींचे खाडे मात्र कुठल्याच वाराला जुळेनात. महिन्यातून दोन-तीन दिवस, प्रत्येकीचे वेगळे. विज्ञानाच्या बाईंनी मुलींना विचारलं तेव्हा कळलं, पश्चिमेकडच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहायची, आणि मैत्रीण नसली की मुलगी घरी राहायची. मी ते दार रोज बाहेरून बघत होते. तास-दीड तासात सुताराने कडी बसवली.

रीत अशी ठेवा. तीन दिवस सलग गैरहजर, तर वर्गशिक्षकाने फोन करायचा. पाच दिवस झाले की कोणीतरी घरी जायचं, आणि महिन्यातून निदान चार घरी तुम्ही स्वतः. हातात नोटीस न्यायची नाही. महिन्याला दोन दिवस बुडणारं मूल कोणाच्या नजरेत येत नाही, पण शाळेच्या दहा महिन्यांत त्याचे वीस दिवस जातात, म्हणजे जवळपास महिन्याभराची शाळा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचं काम दसऱ्याच्या आधी करायचं. दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या की उशीर होतो. यादी करा, आजी-आजोबांपाशी कोण राहू शकतं ते विचारा, गावात हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत घाला. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी पत्रक द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येईल. दाखला मागितला तर अडवू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे तो लगेच द्यायचा असतो, आणि उशीर झाल्यास कारवाई मुख्याध्यापकावर होते.

जूनमध्ये ५वीला एकेकट्याने वाचायला लावा

माध्यमिक शाळा समजते की वाचायला शिकवणं हे काम चौथीपर्यंतच्या गुरुजींचं. पोर ५वीत आलं की त्याच्यापुढे इतिहास आणि भूगोल टाकायचा. पहिल्या वर्षी आम्ही ८० मुलांना व्हरांड्यात एकेक करून बसवलं. अक्षरं, साधे शब्द, चार ओळींचा परिच्छेद, छोटी गोष्ट. ‘प्रथम’ संस्थेची माणसं २००५ पासून ‘असर’ पाहणीत गावोगाव हीच उतरंड वापरत आली आहेत, त्यामुळे नवं काही शोधायची गरज नाही. एका मुलाला तीन मिनिटं. चार शिक्षक बसले तर दोन सकाळींत काम होतं.

आमच्याकडे जवळजवळ प्रत्येक तिसरं मूल परिच्छेदावर अडखळलं. त्यातली काही मुलं चौथीत ‘अ’ श्रेणी घेऊन आलेली. चिडायचा मोह होतो, पण खालच्या शाळेला शिव्या देऊन एकही मूल वाचत नाही.

मग रोजची एक तासिका वर्ग मोडून पातळीप्रमाणे बसवली. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, गोष्टवाले ग्रंथालयात. या तासाला पाठ्यपुस्तक बंद. दर सहा आठवड्यांनी परत तीन मिनिटांची चाचणी आणि गट बदलायचे. गटांना ‘हुशार’ आणि ‘कच्चे’ अशी नावं चुकूनही पडू देऊ नका. आमच्याकडे गटांना नद्यांची नावं होती. अक्षरांचा गट ज्या शिक्षकाला द्याल तो सगळ्यात मनापासून शिकवणारा असावा. इथे वेळापत्रकाचा प्रश्न येतो, आणि खरी ओढाताण तिथे आहे.

वेळापत्रक स्वतः बसवा

बहुतेक शाळांत वेळापत्रक पर्यवेक्षक करतात आणि मुख्याध्यापक सही करतात. निदान पहिली दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसा. शाळेत कोणाचं वजन किती आहे ते त्या मोठ्या तक्त्यावरच दिसतं. आमच्याकडे जुन्या, नावाजलेल्या शिक्षकांकडे १०वी आणि ९वी. नव्या शिक्षण सेवकाकडे ५वी ब, शेवटची तासिका, सलग पाच तास, आणि शिवाय कोणी रजेवर गेलं की बदली तासिकाही त्यालाच. तीन वर्षं मानधनावर काम करणारा हा मुलगा वर्गात ओरडतो याचं सगळ्यांना आश्चर्य वाटत होतं.

मी तीन बदल केले, एकेका वर्षाला एक. पहिल्या वर्षी मराठीच्या सगळ्यात चांगल्या बाईंना १०वीचा एक वर्ग कमी करून ५वी दिली. शाळा चालवणाऱ्या संस्थेत ओरड झाली, १०वीचा निकाल पडेल म्हणून. मी स्वतः त्या १०वीच्या जादा तासिका घेतल्या. निकाल पडला नाही. दुसऱ्या वर्षी नव्या शिक्षकाच्या तासिका जुन्या शिक्षकाच्या मोकळ्या तासाला लावल्या, म्हणजे त्याला मागे जाऊन बसता येईल. तिसऱ्या वर्षी एकाच विषयाच्या शिक्षकांना आठवड्यात एक ऑफ तास एकत्र मिळेल असं बसवलं. हे तिसरं जमवायला मला वही, पेन्सिल, खोडरबर आणि मे महिन्याचा अख्खा आठवडा लागला.

वर्गात मागच्या बाकावर

आता जे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम. वर्ग बघणं. आपल्याकडे त्याची ओळख तपासणीच्या रूपातच आहे: साहेब येणार, टाचण पूर्ण करा, तक्ते लावा, मुलांना गणवेशात आणा. लॉगबुकात ओळ लिहायची, ‘अध्यापन समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा.’ ही ओळ मीही शंभरदा लिहिली असेल. तिने एकाही तासात काही फरक पडत नाही.

आठवड्याला तीन वर्ग, वीस वीस मिनिटं. वर्षाचे साधारण छत्तीस आठवडे धरले तर शंभराच्या वर भेटी होतात, म्हणजे चौदा जणांकडे प्रत्येकी सात-आठ वेळा. पहिला महिना नुसतं बसा, कोणाला काही बोलू नका, म्हणजे भीती मोडते. बसायचं मागच्या बाकावर, मुलांबरोबर. टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलात की तास तुमच्यासाठी सुरू होतो.

आणि शिक्षकाकडे बघू नका. तीन मुलं निवडा, पुढचं एक, मधलं एक, भिंतीजवळचं एक, आणि त्यांच्या वहीत काय उतरतंय ते बघा.

७वीत अपूर्णांकांची बेरीज चालू होती. सर सेवेने माझ्याहून ज्येष्ठ, आवाज खणखणीत, फळा देखणा. प्रत्येक उदाहरणानंतर “समजलं का?” आणि वर्गाचा “होऽऽ”. मी वहीच्या कडेला रेघा मारत गेले. वीस मिनिटांत सरांनी तेवीस प्रश्न विचारले. उत्तरं चारच मुलांची होती, चौघंही पहिल्या दोन बाकांवरची. माझ्या शेजारच्या मुलाने वहीत लिहिलं होतं, १/२ + १/३ = २/५. खाली दोन रेघा मारून चौकट केली होती, बरोबर आल्यासारखी. आणि तोही जोरात “होऽऽ” म्हणाला होता.

त्याच दिवशी सुट्टीत सर नळावर हात धूत होते तिथे गेले.

“सर, फळा अगदी बघत राहावा असा होता.”

“तुम्ही बसला होता म्हणून जरा नीट काढला,” ते हसले.

“एक विचारू? आज तुम्हाला उत्तरं कोणाकोणाची ऐकू आली?”

त्यांनी चार नावं घेतली. पाचव्या नावाला थांबले. मी शेजारच्या मुलाची वही पुढे केली नाही. ती त्याची होती, पुरावा नव्हती. एवढंच म्हटलं, “मागे काही जण अंश-अंश आणि छेद-छेद मिळवतायत.”

सर रुमालाने हात पुसत राहिले. मग म्हणाले, “पाटी आणायला सांगतो. सगळ्यांनी एकदम वर धरायची.”

ही कल्पना त्यांची होती, म्हणून ती टिकली. पुढच्या आठवड्यात मी फक्त पाट्या बघायला गेले, बाकी काही बघितलं नाही. सहाव्या मिनिटाला सरांनी उदाहरण अर्ध्यात सोडलं आणि भाकरीचे तुकडे काढून पुन्हा मुळापासून सुरुवात केली, कारण बावीस पाट्यांवर चूक होती.

थोडक्यात क्रम असा: बघायचं, त्याच दिवशी भेटायचं, त्यांच्या जागी भेटायचं, एक प्रश्न विचारायचा, एकच गोष्ट ठरवायची, आठवड्याने तीच बघायची. दोन गोष्टी सांगितल्या की एकही होत नाही. लॉगबुकात त्या एकाच गोष्टीची ओळ लिहा. शिक्षकाच्या कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालाशी या भेटींचा संबंध लावणार नाही हे स्टाफला आधीच सांगा आणि ते पाळा. एकदा जरी त्या वहीतलं वाक्य अहवालात उतरलं, तरी पुढच्या सगळ्या वर्गांत तुम्हाला पुन्हा तक्तेच दिसतील.

शिक्षकाची फाइल हलवा

शिक्षकाला आधार देणं म्हणजे प्रेरणादायी सुविचार पाठवणं, असं काही जण समजतात. माझ्या कपाटात दोन शिक्षकांचे बारा वर्षांच्या वरिष्ठ वेतनश्रेणीचे प्रस्ताव अकरा महिने पडून होते, एका झेरॉक्ससाठी. त्या दोघांना मी पाट्यांबद्दल काय सांगणार? महिन्याचं वेतन देयक वेळेत, सेवापुस्तकातल्या नोंदी दरवर्षी पूर्ण आणि शिक्षकाला दाखवून सही, बारा आणि चोवीस वर्षांचे प्रस्ताव तारखेच्या आधी तयार. भिंतीवर एक तक्ता लावा, कोणाचं काय कुठे अडकलंय त्याचा. रात्री आठनंतर शाळेच्या ग्रुपवर काही टाकू नका. मूल आजारी असलेल्या बाईंना किरकोळ रजेसाठी कारणं रंगवून सांगायला लावू नका.

कडू बोलायचं तेव्हा

इथे माझी चूक सांगते. एक सर रोज दहा-पंधरा मिनिटं उशिरा यायचे. मी मस्टरवर, म्हणजे स्टाफच्या हजेरीवर, लाल शाईने शेरा मारला आणि लेखी खुलासा मागितला. खुलासा आला तीन पानी, सुंदर भाषेत, बहुधा संघटनेतल्या कोणीतरी लिहून दिलेला. मग मला उत्तर लिहावं लागलं. पुढे दीड वर्ष आम्ही दोघं एकाच इमारतीत राहून पत्रव्यवहार करत होतो. कारण नंतर कळलं: त्यांच्या गावाहून येणारी साडेदहाची एसटी बंद झाली होती. त्यांची पहिली तासिका मोकळी ठेवून शेवटची लावली असती तर शाईची बाटली वाचली असती.

तेव्हापासून आधी एकट्यात, दार लोटून, कारण विचारायचं. स्वभावाबद्दल बोलायचं नाही. तारखा आणि मिनिटं सांगायची. “तुम्ही बेजबाबदार आहात” याला उत्तर म्हणून भांडणच येतं. “या महिन्यात ३, ७ आणि १२ तारखेला ६वी अ पंधरा मिनिटं एकटी होती” याला काहीतरी खरं उत्तर येतं. घरी जाऊन आपल्या डायरीत तारीख टाकून दोन ओळी लिहायच्या. दोनदा बोलूनही बदल नसेल तर मग मेमो, आणि तिथून पुढे खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीची वाट धरायची. आपल्या मनाने शिक्षा ठरवायची नाही. काही माणसं बदलत नाहीत. त्यांच्यापायी बाकीच्या तेरा जणांवर नियमांचा पाऊस पाडू नका.

छडी आणि त्याहून गंभीर गोष्टी

मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. तरीही छडी कपाटामागे असते. मी ज्या शिक्षकांना थांबवलं त्यातले बहुतेक दुष्ट नव्हते. भरल्या वर्गापुढे हरलेले होते. म्हणून ‘मारू नका’ सांगून न थांबता पर्याय हातात द्या: दंगा करणाऱ्या मुलाला त्या तासापुरतं माझ्याकडे पाठवायचं, प्रश्न न विचारता मी त्याला बसवून घेईन. दुसऱ्यांदा हात उचलला तर मात्र लेखी, तिथे मैत्री नाही.

लैंगिक छळाची नुसती शंका आली तरी वागण्यात चूक चालत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा पोक्सो कायदा २०१२ चा. कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेचा प्रमुख म्हणून न कळवल्यास शिक्षा तुम्हाला आहे. मूल सांगत असेल तर शांतपणे ऐका, त्याचेच शब्द लिहून ठेवा, परत परत विचारू नका. समोरच्याला बोलावून ‘आमनेसामने’ करू नका. गावातली प्रतिष्ठित माणसं मिटवायला येतील, येतातच. त्यांना चहा द्या आणि फोन पोलीस ठाण्याला लावा. मुलाचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा उच्चारायचं नाही. २०२२ पासून शाळाशाळांत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती हवी. ती कागदावर असेल तर पहिल्याच महिन्यात खरी बैठक घ्या. तक्रारपेटी दर आठवड्याला दोघांसमोर उघडा. १०९८ हा बालकांच्या मदतीचा आणि १४४१६ हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतीचा नंबर मोठ्या अक्षरांत स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर लावा. सूचनाफलकापुढे उभं राहून कुठलंही मूल तो नंबर उतरवून घेत नाही.

बैठक, पालक, संस्था

स्टाफ बैठक चाळीस मिनिटं, विषय एक. सूचना ग्रुपवर जातात. बैठकीत पाच वह्या टेबलावर ठेवा आणि सगळ्यांनी मिळून वाचा.

पालक सभेला आधी मुलांचं काम दाखवा, पैसे आणि तक्रारी नंतर. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असा नियम आहे. त्या स्त्रियांना सहीपुरतं बोलवत असाल तर खिचडीच्या चवीपासून सुरुवात करा, त्या बोलू लागतात.

संस्थाचालकांकडे ते बोलावण्याआधी महिन्यातून एकदा आपणच जा, एक चांगली बातमी आणि एक मागणी घेऊन. प्रवेश आणि नेमणुकांचे विषय निघाले की नियमाचं पुस्तक बरोबर असू द्या.

जाताना

निवृत्त होताना प्रभार यादीला मी एक जादा पान जोडलं. त्याला कायद्याने काही किंमत नाही. त्यावर ५वी-६वीतल्या, अजून परिच्छेदावर अडखळणाऱ्या एकोणीस मुलांची नावं होती. कोणत्या शिक्षकाबरोबर सध्या कोणती एक गोष्ट चालू आहे ते होतं. गुरुवारच्या पालांचे नंबर होते. नव्या सरांनी ते पान वाचलं, शेवटच्या नोंदीपाशी थांबले आणि विचारलं, “हे काय, मॅडम?”

तिथे लिहिलं होतं: पश्चिमेच्या स्वच्छतागृहाची कडी, जून आणि नोव्हेंबरमध्ये आत जाऊन लावून बघणे.